अमेरिकेतील स्त्रियांच्या समान हक्कांचा लढा

अमेरिकेतील स्त्रियांच्या समान हक्कांचा लढा म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्त्रियांना मालमत्ता, शिक्षण, मताधिकार, रोजगार, वेतन, कौटुंबिक कायदा व स्वतःच्या शरीरावरील अधिकार या बाबतींत पुरुषांच्या बरोबरीचे स्थान मिळावे यासाठी झालेल्या चळवळींचा इतिहास होय. इ.स. १८४८ सालच्या सेनेका फॉल्स येथील परिषदेपासून या लढ्याचा संघटित आरंभ मानला जातो. राज्यघटनेच्या १९व्या दुरुस्तीने १९२० साली लिंगाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. मात्र मताधिकार मिळाल्याने समानता आपोआप आली नाही. १९२३ साली प्रथम मांडलेली समान हक्क दुरुस्ती शंभर वर्षांनंतरही वादाचा विषय राहिली आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडमधील परंपरागत कायदा स्वीकारला होता. या कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. विवाहित स्त्रीला सामान्यतः स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, खटला दाखल करता येत नसे. तिने कष्टाने मिळवलेल्या मजुरीवरही पतीचाच हक्क असे. मुलांचा ताबाही प्रामुख्याने पित्याकडे असे. अविवाहित स्त्रिया व विधवा यांची स्थिती या बाबतीत तुलनेने बरी होती, कारण त्यांना मालमत्ता बाळगण्याचा अधिकार होता.

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात नागरिकांच्या नैसर्गिक हक्कांची भाषा सर्वत्र बोलली जाऊ लागली. ॲबिगेल ॲडम्स यांनी मार्च १७७६ मध्ये आपले पती जॉन ॲडम्स यांना लिहिलेल्या पत्रात, नवे कायदे करताना स्त्रियांचा विसर पडू नये, अशी सूचना केली होती. ती मान्य झाली नाही. न्यू जर्सी राज्य मात्र याला काही काळ अपवाद ठरले. तेथील १७७६ च्या संविधानात मतदारांसाठी लिंगाची अट नव्हती, फक्त ठरावीक मालमत्तेची अट होती. त्यामुळे मालमत्ताधारक अविवाहित स्त्रिया व विधवा तेथे मतदान करीत. १८०७ साली कायदा करून हा अधिकार काढून घेण्यात आला. एकदा मिळालेला हक्क परत हिरावला जाऊ शकतो, हे या इतिहासात पुढेही दिसते.

गुलामगिरीविरोधी चळवळ आणि शिक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्त्रियांना सार्वजनिक जीवनात आणण्याचे काम दोन गोष्टींनी केले. पहिली शिक्षणाची. एमा विलार्ड यांनी १८२१ साली ट्रॉय येथे, तर मेरी लायन यांनी १८३७ साली माउंट होल्योक येथे मुलींसाठी उच्च शिक्षणाच्या संस्था स्थापन केल्या. ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयाने १८३७ साली पदवी अभ्यासक्रमात स्त्रियांना प्रवेश दिला. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांना १८४९ साली वैद्यकीय पदवी मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या स्त्री होत. १८५० साली फिलाडेल्फिया येथे केवळ स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

दुसरी गोष्ट गुलामगिरीविरोधी चळवळीची. दक्षिण कॅरोलायनातील गुलामांचे मालक असलेल्या कुटुंबात जन्मलेल्या सारा व अँजेलिना ग्रिम्के या भगिनींनी गुलामगिरीविरुद्ध जाहीर भाषणे केली. स्त्रीने पुरुषांच्या सभेत बोलणेच मुळी अनुचित आहे, अशी टीका धर्मगुरूंनी केली. तेव्हा गुलामांच्या हक्कांसाठी बोलण्याकरिता आधी स्त्रीचा बोलण्याचा हक्क सिद्ध करणे त्यांना भाग पडले. सारा ग्रिम्के यांची स्त्री-पुरुष समानतेवरील पत्रे १८३८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १८४० साली लंडन येथे भरलेल्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेत स्त्री प्रतिनिधींना कामकाजात भाग घेऊ दिला गेला नाही. तेथे ल्युक्रेशिया मॉट व एलिझाबेथ केडी स्टँटन यांची भेट झाली.

सेनेका फॉल्स परिषद

१९ व २० जुलै १८४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या गावी वेस्लियन चॅपलमध्ये स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. सुमारे ३०० लोक उपस्थित होते. स्टँटन यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा साचा घेऊन एक जाहीरनामा तयार केला होता. मूळ जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाविरुद्ध जशी गाऱ्हाणी मांडली होती, तशीच येथे पुरुषसत्तेविरुद्ध मांडली होती. मताधिकाराचा अभाव, विवाहित स्त्रीचा कायदेशीर मृत्यू, मालमत्ता व वेतनावरील हक्क नसणे, उच्च शिक्षणाची व व्यवसायांची दारे बंद असणे ही त्यांतील प्रमुख होत.

परिषदेत मांडलेल्या ठरावांपैकी मताधिकाराचा ठरावच वादग्रस्त ठरला. ही मागणी केल्यास संपूर्ण चळवळीची टवाळी होईल, असे अनेकांना वाटत होते. गुलामगिरीतून निसटून आलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी या ठरावाचे जोरदार समर्थन केले आणि तो थोडक्या मतांनी संमत झाला. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया व ३२ पुरुष यांनी स्वाक्षऱ्या केल्या. वृत्तपत्रांतून टीका व उपहास झाल्यावर त्यांपैकी काहींनी आपली नावे मागे घेतली.

पहिली राष्ट्रीय परिषद १८५० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे भरली. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या सोजर्नर ट्रुथ यांनी १८५१ साली ओहायोतील ॲक्रन येथे केलेले भाषण विशेष गाजले. त्याच वर्षी स्टँटन यांची सुझन बी. अँथनी यांच्याशी ओळख झाली. पुढील पन्नास वर्षे दोघींनी एकत्र काम केले. स्टँटन लेखन व विचारांची मांडणी करीत, तर अँथनी दौरे, सभा व संघटना सांभाळीत. न्यूयॉर्क राज्याने १८४८ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला होता. १८६० साली त्याची व्याप्ती वाढवून स्त्रीच्या स्वतःच्या कमाईवरील तिचा हक्क मान्य करण्यात आला.

यादवी युद्धानंतरची फूट

यादवी युद्धाच्या काळात चळवळीने आपल्या मागण्या बाजूला ठेवून गुलामगिरी नष्ट करण्यासाठी लाखो स्वाक्षऱ्या गोळा केल्या. युद्धानंतर आपल्यालाही न्याय मिळेल, अशी स्त्रियांची अपेक्षा होती. परंतु १८६८ च्या १४व्या दुरुस्तीत मतदारांसंबंधी प्रथमच ‘पुरुष’ हा शब्द राज्यघटनेत आला. १८७० च्या १५व्या दुरुस्तीने वंश व वर्ण यांच्या आधारे मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. लिंगाचा उल्लेख त्यात नव्हता.

या प्रश्नावर चळवळ दुभंगली. स्टँटन व अँथनी यांनी १५व्या दुरुस्तीला विरोध केला आणि १८६९ साली नॅशनल वुमन सफ्रेज असोसिएशन ही संस्था काढली. लूसी स्टोन, हेन्री ब्लॅकवेल, जूलिया वॉर्ड हाउ आदींनी दुरुस्तीला पाठिंबा देऊन त्याच वर्षी अमेरिकन वुमन सफ्रेज असोसिएशन स्थापन केली. कृष्णवर्णीयांच्या जिवावरच बेतले असल्याने त्यांच्या मताधिकाराची निकड अधिक आहे, असे डग्लस यांचे म्हणणे होते. या वादात स्टँटन यांनी कृष्णवर्णीय व परदेशातून आलेल्या पुरुषांविषयी अवमानकारक भाषा वापरली. तिची छाया चळवळीवर दीर्घकाळ राहिली. दोन्ही संस्था १८९० साली एक झाल्या.

दरम्यान न्यायालयाचा मार्गही चोखाळण्यात आला. स्त्रिया नागरिक आहेत, म्हणून १४व्या दुरुस्तीनुसार त्यांना मताधिकार आहेच, असा युक्तिवाद करून अँथनी यांनी नोव्हेंबर १८७२ मध्ये रॉचेस्टर येथे अध्यक्षीय निवडणुकीत मतदान केले. त्यांना अटक झाली. १८७३ साली न्यायाधीशांनी ज्यूरीला विचारविनिमय करू न देताच दोषी ठरवण्याचा आदेश दिला आणि १०० डॉलर दंड ठोठावला. अँथनी यांनी तो कधीही भरला नाही. त्याच वर्षी मायरा ब्रॅडवेल यांना वकिलीची सनद नाकारण्याचा इलिनॉय राज्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. १८७५ साली मायनर विरुद्ध हॅपरसेट या खटल्यात स्त्रिया नागरिक असल्या तरी नागरिकत्वात मताधिकार अंतर्भूत नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला. त्यामुळे राज्यांचे कायदे बदलणे किंवा राज्यघटना दुरुस्त करणे हे दोनच मार्ग उरले.

मताधिकाराची प्राप्ती

पश्चिमेकडील प्रदेशांत यश लवकर मिळाले. वायोमिंग प्रदेशाने डिसेंबर १८६९ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला आणि १८९० साली राज्य झाल्यावरही तो कायम ठेवला. युटा प्रदेशातील स्त्रियांना तो १८७० साली मिळाला, १८८७ साली काँग्रेसने काढून घेतला व १८९६ साली राज्य झाल्यावर पुन्हा मिळाला. कोलोरॅडो (१८९३), आयडाहो (१८९६), वॉशिंग्टन (१९१०) आणि कॅलिफोर्निया (१९११) ही राज्ये पाठोपाठ आली. मोंटाना राज्यातून जनेट रँकिन १९१६ साली निवडून आल्या. काँग्रेसच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य होत.

घटनादुरुस्तीचा मसुदा १८७८ साली सिनेटमध्ये मांडला गेला होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यासाठी दोन वेगळ्या पद्धतींनी प्रयत्न झाले. कॅरी चॅपमन कॅट यांनी राज्यागणिक प्रचार व काँग्रेस सदस्यांचे मन वळवणे यांवर भर दिला. ॲलिस पॉल व लूसी बर्न्स यांनी ब्रिटनमधील आंदोलनाचा अनुभव घेतला होता. त्यांनी थेट राष्ट्राध्यक्षांना लक्ष्य केले. ३ मार्च १९१३ रोजी, विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टन येथे त्यांनी भव्य मोर्चा काढला. दक्षिणेकडील पाठिराख्यांना दुखावू नये म्हणून कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे, असे त्यांना सांगण्यात आले. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी ते जुमानले नाही. मोर्चा सुरू झाल्यावर त्या इलिनॉयच्या तुकडीत जाऊन सामील झाल्या.

१० जानेवारी १९१७ पासून पॉल यांच्या नॅशनल वुमन्स पार्टीच्या कार्यकर्त्या व्हाइट हाउससमोर फलक घेऊन मूकपणे उभ्या राहू लागल्या. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर त्यांना देशद्रोही ठरवून जमावाने हल्ले केले, पोलिसांनी अटका केल्या. व्हर्जिनियातील ऑकोक्वान येथील तुरुंगात त्यांचे हाल झाले. उपोषण करणाऱ्यांना बळजबरीने नळीवाटे अन्न देण्यात आले. या वृत्तांमुळे लोकमत बदलू लागले. जानेवारी १९१८ मध्ये विल्सन यांनी दुरुस्तीला पाठिंबा जाहीर केला.

प्रतिनिधिगृहाने मे १९१९ मध्ये व सिनेटने ४ जून १९१९ रोजी दुरुस्ती संमत केली. तिला ४८ पैकी ३६ राज्यांची मान्यता आवश्यक होती. ३६वे राज्य टेनेसी ठरले. १८ ऑगस्ट १९२० रोजी तेथील विधिमंडळात हॅरी बर्न या २४ वर्षांच्या सदस्याने, विरोधकांत गणना होत असतानाही, ऐनवेळी अनुकूल मत दिले आणि दुरुस्ती संमत झाली. त्यांच्या खिशात आईचे पत्र होते. दुरुस्तीला पाठिंबा द्यावा, असे तिने त्यात कळवले होते. २६ ऑगस्ट १९२० रोजी दुरुस्ती अधिकृतपणे लागू झाली. सेनेका फॉल्सपासून ७२ वर्षे झाली होती. स्टँटन व अँथनी या दोघीही तो दिवस पाहण्यास हयात नव्हत्या.

मताधिकाराच्या मर्यादा

१९व्या दुरुस्तीमुळे सर्व स्त्रियांना प्रत्यक्षात मत देता आले, असे नाही. दक्षिणेकडील राज्यांत मतदान-कर, साक्षरतेच्या परीक्षा व दहशत यांद्वारे कृष्णवर्णीय पुरुषांना जसे रोखले जाई, तसेच स्त्रियांनाही रोखण्यात आले. ही स्थिती १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर बदलली. मूळ अमेरिकन रहिवाशांना सरसकट नागरिकत्व १९२४ साली मिळाले आणि त्यानंतरही काही राज्यांनी त्यांना मतदान नाकारले.

नागरिकत्वाचा प्रश्नही असाच होता. १९०७ च्या कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व रद्द होई. १९२२ च्या केबल कायद्याने ही अट सैल केली. परंतु ज्यांना कायद्याने नागरिकत्व मिळूच शकत नव्हते, अशा पुरुषांच्या पत्नींना ती लागू राहिली. १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवण्यात आले. त्यामुळे भारतीय क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी यांचे नागरिकत्व गेले. ही तरतूद १९३१ साली दूर झाली.

समानता की संरक्षण

मताधिकारानंतर चळवळीपुढे मूलभूत प्रश्न उभा राहिला. ॲलिस पॉल यांनी १९२३ साली कायद्यापुढे स्त्री-पुरुष समान असावेत, अशी घटनादुरुस्ती सुचवली. तिला सर्वांत तीव्र विरोध कामगार स्त्रियांच्या पुढाऱ्यांनीच केला. त्यामागे कारण होते. न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी लागलेल्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण स्थलांतरित स्त्रिया होत्या. स्त्रियांच्या कामाचे तास मर्यादित ठेवणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली मुलर विरुद्ध ऑरेगॉन खटल्यात वैध ठरवला होता. समान हक्क दुरुस्ती आल्यास असे संरक्षक कायदे रद्द होतील, अशी भीती फ्लॉरेन्स केली यांच्यासारख्या नेत्यांना वाटे. उलट, हेच कायदे स्त्रियांना रात्रपाळीच्या व अधिक पगाराच्या कामांपासून दूर ठेवतात, असे पॉल यांच्या बाजूचे म्हणणे होते. हा वाद चार दशके चालला.

दुसरी लाट

दुसऱ्या महायुद्धात लाखो स्त्रियांनी कारखान्यांत कामे केली. युद्ध संपताच अनेकींना ती सोडावी लागली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली एलिनॉर रूझवेल्ट यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांच्या स्थितीविषयी आयोग नेमला. १९६३ साली समान वेतन कायदा झाला. त्याच वर्षी बेटी फ्रीडन यांचे ‘द फेमिनिन मिस्टीक’ हे पुस्तक प्रसिद्ध होऊन सुशिक्षित गृहिणींच्या असमाधानाची चर्चा सुरू झाली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने रोजगारात वंशाबरोबरच लिंगाधारित भेदभावासही मनाई केली. या तरतुदीची अंमलबजावणी होत नसल्याने १९६६ साली नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन ही संघटना स्थापन झाली.

पुढील दशकात कायदे झपाट्याने बदलले. १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्यातील नवव्या प्रकरणाने सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी घातली. मुलींच्या खेळांवर त्याचा मोठा परिणाम झाला. १९७४ च्या कायद्याने कर्ज देताना स्त्री म्हणून भेदभाव करणे बेकायदेशीर ठरले. तोपर्यंत अनेक बँका विवाहित स्त्रीकडे पतीची सही मागत. १९७८ साली गरोदरपणामुळे नोकरीत भेदभाव करण्यास मनाई झाली.

न्यायालयांचीही दृष्टी बदलली. रीड विरुद्ध रीड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली प्रथमच लिंगभेद करणारा कायदा १४व्या दुरुस्तीच्या आधारे रद्द केला. या खटल्याचे निवेदन तयार करणाऱ्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्यावर कृष्णवर्णीय विधिज्ञ पॉली मरे यांचेही नाव घातले, कारण युक्तिवादाची मूळ कल्पना मरे यांच्या लेखनातून आली होती. गिन्सबर्ग पुढे १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या.

समान हक्क दुरुस्ती

काँग्रेसने २२ मार्च १९७२ रोजी समान हक्क दुरुस्ती संमत करून राज्यांकडे पाठवली. ३८ राज्यांची मान्यता हवी होती; १९७७ पर्यंत ३५ राज्यांनी ती दिली. परंतु फिलिस श्लाफ्ली यांनी संघटित केलेल्या विरोधामुळे गाडे तेथेच अडले. दुरुस्तीमुळे स्त्रियांना सक्तीच्या लष्करभरतीला तोंड द्यावे लागेल व गृहिणीचे पोटगीसारखे हक्क जातील, असा त्यांचा प्रचार होता. वाढवून दिलेली मुदत ३० जून १९८२ रोजी संपली. पुढे नेव्हाडा (२०१७), इलिनॉय (२०१८) व व्हर्जिनिया (२०२०) यांनी मान्यता दिल्याने ३८ हा आकडा गाठला गेला. मात्र मुदतीनंतरची मान्यता ग्राह्य आहे का आणि पाच राज्यांनी आपली मान्यता मागे घेतली ती वैध आहे का, यांवर वाद आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी दुरुस्ती लागू झाल्याचे आपले मत जाहीर केले. परंतु ती अधिकृतपणे प्रसिद्ध करण्यात आली नाही.

शरीरावरील अधिकार

परिचारिका मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली ब्रुकलिन येथे संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याबद्दल त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. विवाहित जोडप्यांचा संततिनियमनाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली, तर अविवाहितांचा १९७२ साली मान्य केला. १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य झाला. २४ जून २०२२ रोजी डॉब्स निकालाने तो रद्द करून हा विषय राज्यांकडे सोपवला. त्यानंतर अनेक राज्यांनी गर्भपातावर कडक निर्बंध घातले, तर काहींनी तो हक्क राज्याच्या संविधानात समाविष्ट केला. विवाहांतर्गत बलात्कार हा १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात गुन्हा ठरला.

महाराष्ट्राशी संबंध

आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. अमेरिकन स्त्रियांनी आपल्या हक्कासाठी उभारलेल्या संस्थेचा लाभ अशा रीतीने एका मराठी स्त्रीला झाला. या समारंभासाठी पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या व सुमारे अडीच वर्षे तेथे राहिल्या. मद्यपानविरोधी व मताधिकार चळवळीतील नेत्या फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. स्वदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील स्त्रियांची स्थिती, शिक्षण व संघटना यांचे त्यात सविस्तर वर्णन आहे. अमेरिकेत जमवलेल्या साहाय्यातून त्यांनी त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू केले. मार्गारेट सँगर यांनी डिसेंबर १९३५ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेऊन संततिनियमनावर चर्चा केली; गांधीजींनी कृत्रिम साधनांना मान्यता दिली नाही.

सद्यःस्थिती

सँड्रा डे ओ’कॉनर या १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. नॅन्सी पेलोसी २००७ साली प्रतिनिधिगृहाच्या पहिल्या स्त्री सभापती, तर कमला हॅरिस २०२१ साली पहिल्या स्त्री उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. राष्ट्राध्यक्षपदी अद्याप एकही स्त्री निवडून आलेली नाही. समान वेतन कायदा झाला तेव्हा पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषाच्या दर डॉलरमागे सुमारे ५९ सेंट मिळत. अलीकडे हे प्रमाण ८० ते ८५ सेंटच्या दरम्यान आहे. कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाच्या स्त्रियांसाठी ते याहून कमी आहे. टायर कारखान्यातील पर्यवेक्षक लिली लेडबेटर यांना पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार मिळत असल्याचे अनेक वर्षांनी कळले, तेव्हा दाव्याची मुदत संपल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली दिला. त्यावर २००९ साली काँग्रेसने त्यांच्याच नावाने कायदा करून ही मुदत प्रत्येक वेतनापासून नव्याने मोजण्याची तरतूद केली. लेडबेटर यांना स्वतःला मात्र थकलेली रक्कम मिळाली नाही.